‘मर्यादा’ आणि ‘मरियादै’

तंजावरला प्रथमच जाणाऱ्या मराठी पाहुण्याची दारातच फसगत होते. यजमान दोन्ही हात जोडून, तोंडभर हसून म्हणतात, ‘‘वांग, वांग!’’ पाहुणा बुचकळ्यात पडतो. अजून चपलाही काढल्या नाहीत, तोच जेवणातल्या भाजीची चर्चा? पण यजमानांच्या मनात भाजी नसते. तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ‘ये’ आणि ‘वांग’ म्हणजे ‘या’. जुन्या ब्राह्मणी घरांत याचेच ‘वांगो’ होते. म्हणजे ‘या, या’ एवढाच त्याचा अर्थ.

मग पाणी येते. पाठोपाठ ‘साप्टींगळा?’ असा प्रश्न येतो. त्याचा अर्थ ‘जेवलात का?’ पाहुणा जेवला आहे की उपाशी, याची ती चौकशी असतेच असे नाही. आपल्याकडेही दुपारी कुणी भेटले की ‘झालं का जेवण?’ विचारतात, तसेच ते. चिनी लोकांतही हाच प्रश्न नमस्कारासारखा विचारण्याची रीत आहे. पोटाची चौकशी म्हणजे माणसाची चौकशी, हे जगात पुष्कळांनी मान्य केलेले दिसते.

पण खरी ओळख पटते ती निघताना. तमिळ माणूस उंबऱ्यापाशी थांबून म्हणतो, ‘पोयिट्टु वरेन’, म्हणजे ‘जाऊन येतो’. नुसते ‘पोरेन’, म्हणजे ‘जातो’, म्हटले तर घरातली आजी लगेच टोकते. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. ‘जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं’ हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्याकडे कुणाचे बालपण संपलेले नाही. भाषा वेगळी, लिपी वेगळी, अंतर हजार किलोमीटरांच्या घरातले; पण उंबऱ्यावरचा संस्कार मात्र तोच.

या संस्काराला तमिळ भाषेत जो शब्द आहे, तोही आपल्या ओळखीचाच आहे. तो शब्द ‘मरियादै’. मूळ संस्कृत ‘मर्यादा’. मराठीत मर्यादा म्हणजे सीमा, हद्द, आणि त्यावरून आब, अदब. तमिळमध्ये हद्दीचा अर्थ मागे पडला आणि ‘मान’ हा अर्थ पुढे आला. एखाद्याला ‘मरियादै’ देणे म्हणजे मान देणे. देवळात उत्सवाच्या वेळी ज्यांना आधी प्रसाद, आधी परिवट्टम म्हणजे डोक्याला बांधायचे मानाचे वस्त्र मिळते, त्या हक्कालाही मरियादैच म्हणतात. १९८५ साली शिवाजी गणेशन यांचा ‘मुदल मरियादै’ नावाचा चित्रपट गाजला. त्या नावाचा अर्थ ‘पहिला मान’. या नटाचे मूळ नाव गणेशन. नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केल्यावर पेरियार यांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटले आणि तेच नाव जन्माला पुरले.

एकाच शब्दातून मराठीने ‘सीमा’ घेतली आणि तमिळने ‘मान’. थोडा विचार केला तर लक्षात येते की हे दोन अर्थ फार लांबचे नाहीत. समोरच्या माणसाभोवती एक अदृश्य रेघ असते. ती ओळखून बोलणे म्हणजेच त्याला मान देणे.

एकाचे अनेक करण्याची किमया

मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’, तसे तमिळमध्ये ‘नी’ आणि ‘नींगळ’. दोन्हीकडे युक्ती एकच आहे. समोर माणूस एकच, पण त्याला अनेकवचनाने हाक मारायची. फ्रेंच लोकांचे ‘व्हू’ याच जातीचे. एकट्या माणसाकडे बोट रोखून ‘तू’ म्हटले की ते बोट टोचते. तेच बोट जरा पसरले, जणू त्याच्यामागे त्याचे घर, कुळ, गोत सगळे उभे आहे असे मानून बोलले, की टोच कमी होते.

याच्याही वरची पायरी आहे ‘आपण’. सभेत, निमंत्रणपत्रिकेत, जावयाच्या वडिलांशी बोलताना आपण ‘आपण’ वापरतो. हा शब्द ‘आत्मन्’पासून आलेला, त्याचा मूळ अर्थ ‘स्वतः’. तमिळमध्ये अतिआदराने बोलताना ‘तांगळ’ म्हणतात. तो ‘तान्’पासून आलेला आणि त्याचाही अर्थ ‘स्वतः’! एका भाषेचे मूळ संस्कृतात, दुसरीचे द्राविडी कुळात. तरी आदराचा कळस गाठण्यासाठी दोघींनी एकच वाट धरली. समोरच्याला ‘तू’ही म्हणायचे नाही आणि ‘तुम्ही’ही नाही. त्याच्याकडे थेट पाहण्याऐवजी ‘स्वतः’ असे म्हणून नजर खाली घ्यायची.

‘आपण’चा आणखी एक उपयोग आहे, आणि तो हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्यांना नसलेली सोय आहे. ‘आम्ही जेवायला बसतो’ आणि ‘आपण जेवायला बसू’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्यात पाहुणा बाहेर राहतो, दुसऱ्यात तो पाटावर येतो. तमिळमध्ये हाच भेद ‘नांगळ’ आणि ‘नाम’ या शब्दांत आहे. मराठीला हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारामुळे लाभला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. तमिळ यजमान ‘नम्म वीडु’ म्हणतो, तेव्हा तो ‘माझे घर’ म्हणत नसतो. ‘तुमचे-माझे, आपले घर’ म्हणत असतो.

‘प्लीज’साठी नेहमीच्या बोलण्यात स्वतंत्र शब्द नाही म्हणून मराठी माणसाला काही वेळा उगाच ओशाळल्यासारखे होते. तसे व्हायचे कारण नाही. ‘कृपया’ रेल्वे स्थानकावर शोभतो, स्वयंपाकघरात नाही. घरात आपण ‘जरा पाणी द्या ना’ म्हणतो. त्यातला ‘जरा’ पाणी कमी हवे म्हणून नसतो. मागणे लहान करून दाखवण्यासाठी असतो. तमिळ माणूसही ‘कोंजम् तण्णि कुडुंग’ म्हणतो. ‘कोंजम्’ म्हणजे थोडे, जरा. तांब्याभर पाणी पिणाराही मागतो ‘जरा’च.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोन अभ्यासकांनी सभ्य बोलण्याविषयीचा आपला गाजलेला सिद्धान्त १९७८ मध्ये मांडला. १९८७ मध्ये त्याचे स्वतंत्र पुस्तक झाले. त्यासाठी त्यांनी तीन भाषांचा आधार घेतला. एक इंग्रजी, दुसरी मेक्सिकोतील त्सेल्ताल आणि तिसरी तमिळ. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रत्येक माणसाला दोन गोष्टी हव्या असतात. लोकांनी आपल्याला आपले म्हणावे आणि आपल्यावर कुणी जबरदस्ती करू नये. सभ्य बोलणे या दोन्ही गोष्टी सांभाळते. आपल्या आज्या हे सिद्धान्ताशिवाय जाणत होत्या. पहिलीला त्या ‘माया’ म्हणत आणि दुसरीला ‘भीड’. भीड फार झाली तर ती भिकेची बहीण होते, हेही त्यांना ठाऊक होते.

कोल्लिडमच्या काठी

तंजावरचा आणि मराठीचा संबंध मात्र नुसत्या योगायोगाचा नाही. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. तेव्हापासून १८५५ पर्यंत, सुमारे १८० वर्षे, तिथे भोसल्यांची गादी होती. आणि या घराण्याच्या इतिहासातली एक मोठी घटना घडली ती ‘येतो’ न म्हटल्यामुळे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

१६७७ चा जुलै महिना. दक्षिण दिग्विजयावर निघालेले शिवाजी महाराज कोल्लिडम नदीच्या उत्तर काठावर तिरुमलवाडीला मुक्काम करून होते. त्यांनी बंधूंना भेटीस बोलावले. व्यंकोजीराजे आले. भेटी झाल्या, काही दिवस मेजवान्या झाल्या, मानपान झाला. मग महाराजांनी वडिलांच्या दौलतीतील अर्ध्या वाट्याचा विषय काढला. बोलणी लांबली. आणि एका रात्री व्यंकोजीराजे कुणालाही न सांगता, निरोप न घेता, तराफ्यावर बसून नदीपार तंजावरला निघून गेले.

वाट्याचा प्रश्न राहिला तो राहिलाच. पण महाराजांच्या मनाला अधिक लागले ते हे पळून जाणे. पळायचे कारण काय होते, आम्ही काय त्यांना कैदेत टाकणार होतो, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे बखरकारांनी नोंदवून ठेवले आहे. व्यंकोजींची जी माणसे मागे छावणीत राहिली होती, त्यांना महाराजांनी सन्मानाने परत पाठवले. भाऊ मर्यादा विसरला, म्हणून आपण विसरायची नाही, असा त्याचा अर्थ.

पुढे त्याच वर्षी दोन्ही बाजूंच्या फौजांत लढाई झाली, व्यंकोजींच्या फौजेचा पराभव झाला. मग पत्रे गेली आणि एकोणीस कलमांचा तह झाला. त्यातली एक तरतूद मुद्दाम पाहण्यासारखी आहे. बंगळूर आणि त्या बाजूचा मुलूख महाराजांनी व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना ‘चोळीबांगडी’साठी दिला. विचार करा! जिंकणाऱ्याने हरलेल्या भावाला ‘घे, तुला परत देतो’ म्हटले असते, तर ते औदार्य आयुष्यभर टोचत राहिले असते. तेच ‘वहिनींच्या चोळीबांगडीला’ म्हटल्याबरोबर घेणाऱ्याची मान खाली गेली नाही आणि देणाऱ्याची उगीच ताठ झाली नाही. हरणे-जिंकणे बाजूला राहिले, दिराने भावजयीला दिलेला आहेर तेवढा उरला. दीपाबाईंनीही समेटासाठी नवऱ्याची समजूत घातली, असे परंपरा सांगते. शब्दाने एक घर मोडायला आले होते, ते शब्दानेच सावरले.

मायन्यातला मान

या सगळ्यात मध्यस्थ म्हणून वावरलेले रघुनाथ नारायण हणमंते हे मूळचे व्यंकोजींचेच कारभारी. तिथे पटले नाही म्हणून ते शिवाजी महाराजांकडे आले. दरबारातल्या फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या ‘राज्यव्यवहारकोशा’शी त्यांचेच नाव जोडलेले आहे. कुणाला काय म्हणावे, हा त्या काळी राज्यकारभाराचाच भाग होता.

मराठी दरबारी पत्राचा मायना वाचला की लिहिणारा आणि वाचणारा यांचे नाते आधी कळते, मजकूर नंतर. वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’, लहानांना ‘चिरंजीव’, बरोबरीच्यांना ‘राजमान्य राजश्री’. वरिष्ठांपुढे करायची ती ‘विज्ञापना’, बरोबरीच्यांना ‘विनंती’, धाकट्यांना ‘आशीर्वाद’. येथील कुशल जाणून तेथील कुशल कळवण्याची विनंती झाल्याशिवाय कामाचा विषय निघत नसे. आणि पत्र संपले, पुढे कुणी काही घुसडू नये म्हणून शेवटी जो शिक्का उठत असे, त्यावर शब्द होता ‘मर्यादा’च! इथे पत्राची हद्द संपली, असा त्याचा अर्थ.

हेच मायने पुढे आटत आटत शाळेच्या वहीत आले. ‘सा. न. वि. वि.’ आणि ‘लो. अ.’ लिहिताना त्याचा पूर्ण अर्थ माहीत असलेली मुले थोडीच असत. नावापुढचे ‘रा. रा.’ हे त्या राजमान्य राजश्रींचेच उरलेले दोन ठिपके. मद्रास इलाख्यातल्या जुन्या कागदांत प्रतिष्ठित माणसाच्या नावाआधी ‘महाराज राजश्री’ आणि नावानंतर ‘अवर्गळ’ असे लिहिलेले आढळते. आपल्या ‘रा. रा.’चे हे भावंडच म्हणायचे. ‘अवर्गळ’ म्हणजे ‘ते’, तेही अनेकवचनी. नाव संपल्यावरसुद्धा आदर संपू द्यायचा नाही.

तंजावरकडच्या देशस्थ मराठी घराण्यांना तमिळ लोक ‘रायर’ म्हणतात. ‘राजा’चा ‘राय’ झाला, ‘राय’चा ‘राव’ झाला, हा प्रवास आपला. त्याला तमिळांनी आपला आदरार्थी ‘अर्’ जोडला. म्हणजे एका नावात दोन भाषांचा मान. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी गाजवणारे टी. माधवराव (१८२८–१८९१) हे कुंभकोणमचे, याच मंडळींतले.

या दरबाराने भाषेचा आणखी एक शिष्टाचार पाळला. दुसरे शहाजीराजे (कारकीर्द १६८४–१७१२) यांच्या नावावर ‘पंचभाषाविलास’ नावाचे नाटक आहे. त्यात निरनिराळ्या देशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात आणि रंगमंचावर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी अशा पाच भाषा नांदतात. राज्यकर्त्याची भाषा मराठी, प्रजेची तमिळ, संगीत-साहित्याची तेलुगू. यांपैकी एकीलाही ‘उठ’ न म्हणता सर्वांना पाट मांडणे, ही त्या दरबाराची खरी अदब. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. ते देऊळ चोळ राजांचे आणि त्याच्या भिंतींवर शेकडो वर्षांपूर्वीचे तमिळ लेख आहेत. ते लेख आणि मराठी लेख आज एकाच आवारात वाचता येतात. सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांचे तमिळ भाषांतर तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले, तेव्हा पाहुणचाराची परतफेडही झाली.

देवाणघेवाण शब्दांचीही झाली. मैफलीत दाद देताना तमिळ रसिक ‘बेष!’ म्हणतो, तेव्हा आपले ‘बेस’ आठवते. पण एखाद्यावर खोटा आळ घेतला, तर त्याला तमिळमध्ये ‘अबाण्डम्’ म्हणतात. तो शब्द मराठीतल्या ‘अभांड’वरून गेला, असे तमिळ कोश सांगतो. शेजाऱ्याला देताना माणूस पुरणपोळीबरोबर भांडणही देतो, त्यातलाच हा प्रकार.

व्याकरणातला शिष्टाचार

तमिळ लोकांनी या विषयाला थेट व्याकरणातच जागा दिली आहे. तेराव्या शतकातल्या ‘नन्नूल’ या व्याकरणग्रंथात ‘योग्य दिसावे म्हणून शब्द बदलणे’ याचे प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एक ‘इडक्करडक्कल’, म्हणजे चारचौघांत न बोलण्याजोगे झाकून बोलणे. शौचाला जाऊन आलो असे म्हणण्याऐवजी ‘पाय धुऊन आलो’ म्हणायचे. आपल्याकडे ‘परसाकडे’ जात, ते तसेच. दुसरा प्रकार ‘मंगलम्’, म्हणजे अशुभ शब्द टाळून शुभ शब्द वापरणे. माणूस मेला न म्हणता तो देवाच्या चरणी गेला म्हणायचे.

मराठीत या मंगल शब्दांची तर रेलचेल आहे. बांगडी फुटत नाही, वाढवते. दुकान बंद होत नाही, वाढवतात. नारळही वाढवतात. ज्याला संपणे म्हणायचे त्याला वाढणे म्हणायचे, यात भाबडेपणा असेल. पण ऐकणाऱ्याच्या मनाला ओरखडा उठू नये, ही काळजीही आहे. ‘जातो’ऐवजी ‘येतो’ म्हणणे हेही मंगलच. प्रत्येक निरोपात पुन्हा भेट न होण्याची शक्यता दडलेली असते, तिला शब्दाने दाराबाहेर ठेवायचे.

नवऱ्याचे नाव न घेण्याची चाल दोन्हीकडे होती. मराठी बायकांचे ‘अहो’, तमिळ बायकांचे ‘एन्नंग’, आणि तंजावरच्या ब्राह्मण घरातले ‘एन्ना’. त्यातल्या त्यात मराठी बाईने उखाण्याची पळवाट काढली. नाव घ्यायचे, पण यमकात लपवून.

मान कुणाला?

इथपर्यंत चित्र मोठे गोड आहे. पण त्याची दुसरी बाजू न पाहता उठणे बरे नाही. ‘अहो’ म्हणणाऱ्या बाईला नवरा ‘अगं’च म्हणत होता. वडील ‘तुम्ही’ आणि आई ‘तू’, ही रीत मराठी घरांत आहे तशी पुष्कळ तमिळ घरांतही आहे. त्यात आईच्या जवळिकीचे कौतुक आहे, हे खरे. पण घरातला अधिकार कुणाकडे होता, हेही त्यात आहे.

तंजावरचा परिसर म्हणजे कावेरीचा सुपीक खोरा, भाताचे कोठार. जमिनीचे मालक ‘मिरासदार’; शब्द ओळखीचा आहे. त्यांच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबणारे दलित मजूर म्हणजे ‘पण्णैयाळ’. या मजुराला मालकाकडून मिळे ‘अडे’, आणि त्याने परत करायचा तो लवून नमस्कार. सत्तर वर्षांच्या मजुराला मालकाचा दहा वर्षांचा मुलगाही ‘नी’ म्हणे. चुकले तर चाबूक होता, शेणाचे पाणी पाजण्याची शिक्षा होती. १९४० नंतर बी. श्रीनिवास राव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या मजुरांची संघटना बांधली. १९४४ च्या सुमारास मन्नारगुडी येथे झालेल्या करारात चाबूक आणि शेणपाणी बंद करण्याचे ठरले. १९५२ मध्ये पण्णैयाळांच्या संरक्षणाचा कायदा आला. तरी १९६८ च्या डिसेंबरात याच जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावी मजुरीच्या वादातून ४४ दलित स्त्री-पुरुष-मुले झोपडीत जाळली गेली. ज्या प्रदेशाने ‘वांग’सारखा गोड शब्द घडवला, त्याच प्रदेशात हे घडले.

पेरियार रामस्वामी यांनी १९२५ मध्ये चळवळ सुरू केली, तिचे नाव मुद्दाम लक्षात घ्यावे: ‘सुयमरियादै’, म्हणजे स्वाभिमान. तोच ‘मर्यादा’ शब्द. पण आता मान दुसऱ्याने द्यायची वाट पाहायची नाही, तो स्वतःपाशी आहे असे समजून उभे राहायचे. महाराष्ट्रातही महार समाजावर ‘जोहार’ घालण्याची सक्ती होती. त्या जागी बाबू हरदास यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ‘जयभीम’ रूढ केला. वाकून घालायचा जोहार एकाच दिशेने जातो. जयभीमला उत्तर ‘जयभीम’ असेच येते. हा फरक केवळ शब्दाचा नाही.

१९६७ मध्ये अण्णादुरै यांचे सरकार आल्यावर तमिळनाडूत सरकारी कागदांवरचे ‘श्री’ आणि ‘श्रीमती’ जाऊन ‘तिरु’ आणि ‘तिरुमती’ आले. अर्थ जवळजवळ तोच. पण आपल्या माणसाला आपल्या भाषेत मान द्यावा, हा आग्रह नवा होता.

युरोपातही याच प्रश्नावर वाद झाले. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या लोकांनी ठरवले, की देवापुढे सगळे सारखे असतील तर लॉर्डाला एक आणि गाड्याला एक असे सर्वनाम का? ते सर्वांना ‘दाऊ’, म्हणजे ‘तू’, म्हणू लागले आणि त्यासाठी त्यांनी मार खाल्ला, तुरुंगही भोगला. इंग्रजी भाषा मात्र उलट दिशेने गेली. तिने ‘दाऊ’ टाकले आणि सर्वांना ‘यू’ केले. म्हणजे इंग्रजीत आज राजाही ‘तुम्ही’ आणि कुत्राही ‘तुम्ही’! स्वीडनमध्ये १९६७ साली ब्रूर रेक्सेड नावाच्या आरोग्य खात्याच्या प्रमुखाने आपण कार्यालयात सर्वांना ‘तू’ म्हणणार असे जाहीर केले, आणि थोड्याच वर्षांत साऱ्या देशाने ती रीत उचलली. क्वेकरांचा, इंग्रजीचा आणि स्वीडनचा रस्ता वेगवेगळा. पण हिशेब एकच. सर्वांना ‘तू’ चालेल, सर्वांना ‘तुम्ही’ चालेल. एकाला ‘तुम्ही’ आणि दुसऱ्याला जन्मभर ‘तू’, हे चालणार नाही.

उंबऱ्यापाशी

आपल्या घरातही बदल झालेच आहेत. मुले वडिलांना ‘ए बाबा’ म्हणतात, बायको नवऱ्याला नावाने हाक मारते. काही वडीलधाऱ्यांना ते खटकते. पण त्यात मान गेलाच असे नाही. भीती गेली आणि जवळीक आली, असेही म्हणता येईल. देवाला तर आपण पहिल्यापासून ‘तू’च म्हणत आलो. विठ्ठलाला कुणी ‘तुम्ही’ म्हटल्याचे ऐकिवात नाही.

काळजी करायचीच असेल तर वेगळ्या गोष्टीची करावी. घरकामाला येणाऱ्या, वयाने आईएवढ्या बाईंना घरातले मूल कोणत्या सर्वनामाने हाक मारते? रिक्षावाल्याला, पहारेकऱ्याला, भाजीवालीला आपण ‘जरा’ म्हणतो का? ‘जरा’ला पैसे पडत नाहीत. दुकानातल्या ‘सर-मॅडम’ला पडतात, म्हणून ते उदंड झाले आहेत.

तंजावरच्या राजवाड्याभोवतीच्या जुन्या वीथींमध्ये आजही मराठी घरे आहेत. त्यांच्या बोलीत जुन्या मराठीचे अवशेष आहेत आणि तमिळ शब्द तर घरचेच झाले आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे लिहिणे-वाचणे तमिळमध्ये चालते, नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, आणि मराठी उरली आहे ती मुख्यतः स्वयंपाकघरात आणि देवघरात. ती किती पिढ्या टिकेल, हा प्रश्न त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना टोचतो. भाषा जाऊ लागते तेव्हा व्याकरण आणि कविता यांच्या आधी हेच लहानसहान शब्द जातात: कुणाला ‘अहो’, कुणाला ‘अगं’, निघताना काय म्हणायचे. आणि परतायचे झाले, तर सुरुवातही यांच्यापासूनच करावी लागते.

तशा घरातला मुलगा शाळेला निघतो, पाठीला दप्तर, एक पाय उंबऱ्याबाहेर. तो ‘पोयिट्टु वरेन’ म्हणाला काय किंवा ‘जाऊन येतो’ म्हणाला काय, आतून आजीचे उत्तर ठरलेले असते. ती म्हणते, ‘ये.’